संगणक-प्रोसेसरचे गतिवर्धन : मर्यादा व दक्षता

संगणकाचा प्रोसेसर उत्पादकाने नेमून दिलेल्या वेगाहून अधिक वेगाने चालविणे, यास ओव्हरक्लॉकिंग अशी संज्ञा आहे. मराठीत तिला सर्वमान्य प्रतिशब्द रूढ झालेला नसल्यामुळे प्रस्तुत लेखात सोयीसाठी 'गतिवर्धन' हा शब्द योजला आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आता सुटे भाग आणून आपला संगणक स्वतःच जुळवितात, आणि यंत्र एकदा चालू लागले की त्याचा वेग थोडा वाढविता येईल काय, असा प्रश्न साहजिकच त्यांच्या मनात येतो. या बाबतीत जे सल्ले कानी पडतात ते बहुधा संगणकावर खेळ खेळणाऱ्यांसाठी दिलेले असतात. त्यांत 'सुरक्षित' या शब्दाचा अर्थ प्रोसेसर जळू नये आणि यंत्र मध्येच बंद पडू नये, एवढाच असतो. ज्याला त्याच यंत्रावर प्रबंधाचे गणित करावयाचे आहे त्याला हा अर्थ पुरेसा नाही. आजचे प्रोसेसर अतिउष्णतेपासून स्वतःचा बचाव करतात. त्यामुळे प्रोसेसर जळून जाण्याचे भय आता फारसे उरलेले नाही. परंतु चुकीचे उत्तर बिनतक्रार हाती पडण्याचे भय तसेच आहे, आणि त्यापासून बचाव करणारी कोणतीही योजना सर्वसाधारण घरगुती संगणकात नाही.

हे असे का होते ते समजण्यासाठी प्रोसेसरच्या अंतर्रचनेकडे थोडे पाहावयास हवे. प्रोसेसरमधील प्रत्येक क्रिया एका स्पंदाच्या तालावर चालते. एका स्पंदाच्या आरंभी काही आकडे एका नोंदकोशातून निघतात, शेकडो ट्रान्झिस्टरांच्या जाळ्यातून वाट काढतात आणि पुढील स्पंदाच्या आत दुसऱ्या नोंदकोशाच्या दाराशी येऊन ठेपतात. ४.६ गिगाहर्ट्झ वारंवारतेस एक स्पंद सुमारे २१७ पिकोसेकंदांचा असतो. तेवढ्या अवधीत निर्वातातील प्रकाशदेखील साडेसहा सेंटिमीटरच जाऊ शकतो. जाळ्यातील सर्वांत लांबच्या मार्गाने येणारा संकेत या अवधीत पोचला तर उत्तर बरोबर येते. तो पोचला नाही तर नोंदकोशाचे दार ठरल्या क्षणी मिटते आणि त्या क्षणी तेथे जे काही असेल तेच आत नोंदले जाते. आपण चुकलो हे यंत्राला कळण्याचा संभव नाही. कारण त्याच्या लेखी नोंद झाली, म्हणजे काम झाले.

संकेताला वाट कापण्यास लागणारा वेळ स्थिर नसतो. विद्युद्दाब वाढविला की ट्रान्झिस्टर त्वरेने पालटतात व हा वेळ घटतो. म्हणूनच वारंवारता वाढविताना दाबही वाढवावा लागतो. उलटपक्षी, एखादे जड काम एकाएकी सुरू झाले की प्रवाह वाढतो आणि प्रोसेसरपर्यंत पोचणारा दाब क्षणभर खचतो. त्यातच वर्षे लोटली की ट्रान्झिस्टर थोडे मंदावतात. हे सर्व चढउतार सोसूनही उत्तर बरोबर यावे यासाठी उत्पादक वारंवारता आणि दाब यांमध्ये काही अंतर राखून ठेवतो. हे अंतर म्हणजे उत्पादकाने वाया घालविलेली शक्ती, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः ते पुढील प्रवासाची शिदोरी होय, आणि गतिवर्धन करणारा ती घराबाहेर पाऊल टाकण्यापूर्वीच खाऊ लागतो.

हा समज सर्वस्वी निराधार आहे असे मात्र नाही. एकाच सिलिकॉन-चकतीतून निघालेले तुकडे गुणांनी सारखे नसतात. उत्पादक त्यांची चाचणी करून वेगानुसार वर्गवारी लावतो. परंतु बाजारात स्वस्त मालाला मागणी अधिक असली, की उत्तम तुकड्यांवरदेखील कमी वेगाची मुद्रा उमटते. १९९८ साली आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा याचा सर्वश्रुत दाखला आहे. ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर ४.५ या गुणकाने तो ३०० मेगाहर्ट्झ वेगाने चालत असे. त्याचा गुणक पक्का केलेला होता. पण बस १०० मेगाहर्ट्झवर नेली, की तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर चाले, आणि त्या किमतीचे बहुतेक तुकडे हे निमूटपणे सोसत. त्या काळच्या सर्वांत महाग प्रोसेसरची बरोबरी करणारे यंत्र अल्प खर्चात हाती येई. गतिवर्धनाची जी कीर्ती आजवर चालत आली आहे तिचे मूळ त्या काळात आहे, आणि आजच्या नवागताची दिशाभूल होते तीही याच कीर्तीमुळे. कारण मधल्या काळात परिस्थिती पालटली.

ती का पालटली, याचे उत्तर एका सोप्या सूत्रात आहे. प्रोसेसरमध्ये पालटक्रियेमुळे निर्माण होणारी उष्णता ही वारंवारतेच्या प्रमाणात आणि विद्युद्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १९७४ साली रॉबर्ट डेनार्ड व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले होते, की ट्रान्झिस्टर लहान करीत जाताना दाबही त्याच प्रमाणात कमी केला, तर तेवढ्याच क्षेत्रफळात उष्णता न वाढता वेग वाढत राहील. सुमारे तीस वर्षे उद्योगाची भिस्त या नियमावर होती. पुढे दाब आणखी घटविणे अशक्य होऊ लागले. कारण ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यांतून प्रवाह झिरपू लागला. २००४ साली इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेन्टियम ४ काढण्याचा बेत सोडून दिला. त्यानंतर वेगाऐवजी गाभ्यांची संख्या वाढू लागली, आणि उत्पादक प्रत्येक तुकड्यात उरलेसुरले सामर्थ्य स्वतःच काढून घेऊ लागले. आजचा प्रोसेसर आपले तापमान, प्रवाह व दाब क्षणोक्षणी मोजून जेथवर झेपेल तेथवर आपण होऊनच वेग चढवितो. ज्याला आपण गतिवर्धन म्हणतो त्याचा मोठा भाग अशा रीतीने कारखान्यातच उरकलेला असतो.

एक उदाहरण घेऊन हिशेब मांडू. सर्व गाभ्यांवर ४.२ गिगाहर्ट्झ आणि १.२० व्होल्ट अशी मूळ स्थिती आहे, आणि ४.६ गिगाहर्ट्झसाठी १.३५ व्होल्ट लागतात, असे समजा. वेग साडेनऊ टक्क्यांनी वाढला. दाबाचे गुणोत्तर १.१२५, त्याचा वर्ग सुमारे १.२६६, त्यास वेगाच्या १.०९५ या गुणोत्तराने गुणले असता १.३८६ येतात. म्हणजे साडेनऊ टक्के वेगासाठी जवळजवळ ३९ टक्के अधिक उष्णता पत्करावी लागते, आणि झिरपणाऱ्या प्रवाहाची वाढ यात धरलेलीच नाही. आता पदरात काय पडते तेही पाहू. एखाद्या गणितात ४० टक्के वेळ मेमरीकडून आकडे येण्याची वाट पाहण्यातच जात असेल, तर प्रोसेसरच्या वेगाचा लाभ उरलेल्या ६० टक्क्यांनाच होतो, आणि एकूण वेळ सुमारे सव्वापाच टक्क्यांनी घटतो. दहा तासांचे काम साडेनऊ तासांत होते. एवढ्या अर्ध्या तासासाठी पुढील सर्व दक्षता घेणे परवडते काय, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे.

उष्णतेच्या बाबतीत आपल्या हवामानाचा विचार केल्याविना चालावयाचे नाही. उष्णतानिवारक पंख्याची शक्ती म्हणजे खोलीच्या तापमानाहून प्रोसेसर किती अंश वर राहतो याचे माप होय. खोलीच्या खाली तो त्याला नेऊ शकत नाही. पूर्ण भाराखाली हा फरक ५० अंश असेल, तर २२ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७२ अंशांवर राहील आणि ३८ अंशांच्या खोलीत ८८ अंशांवर जाईल. वरील हिशेबाप्रमाणे उष्णता ३९ टक्क्यांनी वाढविली, की फरक ६९ अंशांवर जातो. मग पहिल्या खोलीत ९१ अंश होतात. दुसऱ्या खोलीत १०७ अंश व्हावयास हवेत, पण तेथवर जाण्यापूर्वीच प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवितो. थंड देशातील लेखकाने दिलेले आकडे नागपूर-चंद्रपुराकडील मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे झुकलेला असताना, जसेच्या तसे वापरणे व्यर्थ होय. डिसेंबरात केलेली चाचणी मे महिन्यात पुन्हा करावयास हवी, हे आमच्याकडील नवागत हटकून विसरतो.

उष्णतेची मर्यादा यंत्र स्वतः पाळते. विद्युद्दाबाची मर्यादा मात्र ते त्या दक्षतेने पाळीत नाही. अधिक दाब, अधिक प्रवाह आणि अधिक तापमान ही त्रयी एकत्र आली की दोन प्रकारची झीज वेगाने होते. एक म्हणजे प्रवाहाच्या लोंढ्याबरोबर सूक्ष्म तारांतील धातूचे अणूच हळूहळू वाहून जातात. जेम्स ब्लॅक यांनी १९६९ साली या झिजेचे जे समीकरण मांडले त्यानुसार तारेचे आयुष्य प्रवाह-घनतेच्या सुमारे वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते आणि तापमानाबरोबर घातांकी रीतीने घटते. दुसरी झीज खुद्द ट्रान्झिस्टरांची; त्यांना पालटण्यास लागणारा किमान दाब वर्षानुवर्षे चढत जातो. आज १.३५ व्होल्टवर निर्दोष चाललेला प्रोसेसर दोन वर्षांनी तेवढ्याच दाबावर चुका करू लागतो, याचे कारण हेच. ही हानी डोळ्यांना दिसत नाही आणि तिची दुरुस्तीही होत नाही.

हा केवळ तर्क नाही. २०२४ साली इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर कारखान्याच्याच मांडणीवर अस्थिर होऊ लागले. प्रोसेसर आवश्यकतेहून अधिक दाब मागत होता आणि त्यामुळे त्याला लागणारा किमान दाबच वर सरकत होता, असे कंपनीने मान्य केले. मायक्रोकोडमध्ये सुधारणा करून दिली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. जे प्रोसेसर आधीच झिजले होते ते या सुधारणेने पूर्ववत झाले नाहीत. त्याच्या आदल्या वर्षी, २०२३ साली, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील काही प्रोसेसर सॉकेटसह जळाले. मेमरीची जलद मांडणी सुरू करताच काही मदरबोर्ड आपण होऊन प्रोसेसरच्या एका अंगाचा दाब चढवीत होते, असे आढळले. त्यानंतर एएमडीने त्या दाबावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली. या दोन्ही घटनांत वापरणाऱ्याने स्वतः दाबाचा एकही आकडा लिहिलेला असण्याची गरज नव्हती. म्हणून बायॉसमध्ये 'ऑटो' असे लिहिलेले दिसले, की तेथे उत्पादकाचाच आकडा आहे असे गृहीत धरू नये. काही वेळा तो केवळ मदरबोर्ड बनविणाऱ्याचा अंदाज असतो.

आता प्रत्यक्ष पद्धतीकडे वळू. यासाठी आम्ही २०२० साली आलेला एएमडीचा रायझन ५ ५६००एक्स हा सहा गाभ्यांचा प्रोसेसर नमुन्यादाखल घेतो. त्याचा मूळ वेग ३.७ गिगाहर्ट्झ, तर स्वयंचलित चढता वेग ४.६ गिगाहर्ट्झपर्यंत आहे. कारखान्याच्या मांडणीत सॉकेटला ७६ वॅटपर्यंत शक्ती घेता येते आणि तापमानाची मर्यादा ९५ अंश आहे. त्याचा गुणक मोकळा आहे. तथापि ए५२० जातीच्या मदरबोर्डवर गुणक वाढविण्याची सोय अधिकृतपणे नाही, त्यासाठी बी५५० अथवा एक्स५७० यांसारखा मदरबोर्ड लागतो. वाढीव वेगाने चालविल्यास उत्पादकाच्या अटींनुसार हमी रद्द होते, हेही आरंभीच समजून घ्यावे.

नवागताच्या मनात पहिली कल्पना येते ती गुणक पक्का करून सर्व गाभे एकाच वेगावर बांधून टाकण्याची. या प्रोसेसरच्या बाबतीत ती फारशी हिताची नाही. सर्व गाभे ४.५ गिगाहर्ट्झवर बांधले, तर एकाच गाभ्याच्या कामात जो ४.६ गिगाहर्ट्झ आपण होऊन मिळत होता तो गमावला जातो, आणि दाबही अहोरात्र चढलेला राहतो. हलक्या कामात हाच प्रोसेसर क्षणभर १.४ ते १.५ व्होल्टपर्यंत दाब घेताना दिसतो. ते पाहून 'मग मी कायमचा १.४५ ठेवला तर काय बिघडले?' असा प्रश्न केला जातो. बिघडते ते असे, की हलक्या कामात प्रवाह अल्प असतो आणि प्रोसेसर पुढच्याच क्षणी दाब उतरवितो. तोच दाब सहाही गाभ्यांच्या पूर्ण भाराखाली बांधून ठेवला, की वर सांगितलेली त्रयी एकत्र येते.

तेव्हा प्रारंभी वेगाला हात न लावता मोजमाप करावे. पंख्यावरील धूळ काढावी, मूळ मांडणीवर अर्धा-पाऊण तास पूर्ण भार देऊन तापमान कोठे स्थिरावते ते पाहावे, आणि स्वतःचे जे नेहमीचे गणित असेल त्याला लागणारा वेळ टिपून ठेवावा. या वेळी खोलीचे तापमानही लिहून ठेवावे. मूळ मांडणीवरच प्रोसेसर ९० अंशांकडे जात असेल, तर पुढील सर्व उद्योग व्यर्थ आहे; आधी चांगला पंखा घ्यावा. मेमरीची एक्सएमपी नावाची जलद मांडणी हेही एक गतिवर्धनच आहे, याचे भान ठेवावे. मेमरी व प्रोसेसर या दोहोंत एकाच वेळी बदल केला, तर चूक कोणाची हे पुढे सांगता येत नाही. म्हणून आधी मेमरी मूळ वेगावर ठेवून प्रोसेसरचे काम आटोपावे, आणि मेमरीची चाचणी त्यानंतर मेमटेस्टसारख्या आज्ञावलीने एक पूर्ण रात्र स्वतंत्रपणे घ्यावी.

त्यानंतर बायॉसमध्ये प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह ही सोय सुरू करावी आणि तिच्यातील शक्तीची मर्यादा ७६ वॅटवरून शंभराच्या आसपास न्यावी. अमर्याद ठेवू नये. याच ठिकाणी कर्व्ह ऑप्टिमायझर नावाची एक सोय असते. तिच्यायोगे प्रत्येक वेगासाठी प्रोसेसर जो दाब मागतो त्यात किंचित घट करता येते. एक पायरी म्हणजे सुमारे ३ ते ५ मिलिव्होल्ट. दाब घटला की उष्णता घटते, आणि उष्णता घटली की प्रोसेसर आपण होऊन वेग अधिक काळ चढा ठेवतो. येथे वेग वाढतो तो दाब घटवून; जुन्या गतिवर्धनाच्या हे अगदी उलट आहे. आरंभी सर्व गाभ्यांना उणे पाच द्यावे, चाचणी घ्यावी, मग उणे दहा. एका वेळी एकच आकडा बदलावा आणि प्रत्येक बदल वहीत लिहावा. यंत्र सुरूच झाले नाही, तर घाबरण्याचे कारण नाही. मदरबोर्डवरील बायॉस-स्मृती पुसण्याची खूण कोठे आहे ती पुस्तिकेत आधीच पाहून ठेवावी, म्हणजे मूळ मांडणी परत येते. महत्त्वाच्या फायलींची प्रत मात्र काम सुरू करण्यापूर्वीच दुसरीकडे ठेवावी. अस्थिर यंत्राने डिस्कवर लिहिलेला मजकूर बिघडणे हे प्रोसेसर बिघडण्याहून कितीतरी अधिक संभाव्य आहे.

दाब घटविणे हा सौम्य उपाय असल्यामुळे तो निर्धोक आहे, असा ग्रह होण्याचा संभव आहे. झिजेच्या दृष्टीने तो निर्धोक आहेच; परंतु उत्तराच्या बिनचूकपणाच्या दृष्टीने नाही. वेग वाढविला काय किंवा दाब घटविला काय, उत्पादकाने राखलेले अंतर दोन्ही मार्गांनी खर्चीच पडते.

ते अंतर संपले किंवा कसे, हे पाहण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या चाचण्यांत प्राइम९५ या आज्ञावलीचे नाव प्रथम येते. तिची जन्मकथा आपल्या विषयाशी निगडित आहे. मर्सेन मूळसंख्यांच्या शोधासाठी जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ साली गिम्प्स हा प्रकल्प सुरू केला. त्यात जगभरातील स्वयंसेवक आपापले संगणक जुंपतात. दोनाचा प वा घात उणे एक ही संख्या मूळ आहे काय, हे पाहणारी लुका-लेहमर कसोटी अशी आहे : ४ या संख्येपासून आरंभ करावयाचा, दर वेळी वर्ग करून २ वजा करावयाचे, आलेल्या संख्येस परीक्ष्य संख्येने भागून बाकी ठेवावयाची, असे प उणे दोन वेळा करून अखेर बाकी शून्य आली तर संख्या मूळ. प जेव्हा कोटींच्या घरात असतो तेव्हा हे वर्ग कोटी कोटी वेळा करावे लागतात, आणि त्यांत कोठेही एक बिट जरी उलटले तरी पुढील सारे काम मातीमोल होते. परीक्ष्य संख्या मूळ नाही, एवढेच उत्तर येते. आणि बहुतेक संख्या मूळ नसतातच, तेव्हा संशय यावा तरी कशाने?

वोल्टमन यांच्या आज्ञावलीत या संकटावर एक सुंदर तोड आहे. प्रचंड संख्यांचा वर्ग करण्यासाठी ती फूरिए रूपांतर वापरते, आणि ते दशांशयुक्त आकड्यांवर चालते. वर्गाचे अंक मुळात पूर्णांक असावयास हवेत. त्यामुळे उलट रूपांतर केल्यावर आलेला प्रत्येक आकडा कोणत्या तरी पूर्णांकाच्या निकट असलाच पाहिजे. तो ०.४ हून अधिक दूर गेला, तर गणितात कोठेतरी खोट आली, असे समजून आज्ञावली तेथेच थांबते. अस्थिर यंत्रावर 'पूर्णांकन ०.५ आले, ०.४ हून कमी अपेक्षित होते' या अर्थाची जी ओळ दिसते तिचा अर्थ हा. यंत्र बंद पडलेले नसते, खेळही नीट चाललेला असतो. पण गुणाकार चुकलेला असतो. एवढी तपासणी असूनही गिम्प्सने कोणत्याही एका संगणकाचे उत्तर अंतिम मानले नाही. तीच कसोटी दुसऱ्या यंत्रावर पुन्हा घेऊन दोन्ही बाक्यांचे अखेरचे अंक जुळले तरच ती संख्या निकालात काढली जाई. २०१७ साली रॉबर्ट गर्बिच यांनी मूळसंख्येच्या दुसऱ्या एका कसोटीसाठी अशी पडताळणी सुचविली, की ती गणिताच्या ओघातच अल्प श्रमांत जवळजवळ सर्व यांत्रिक चुका पकडते. तेव्हापासून प्रकल्पाचा कल तिकडे वळला.

प्राइम९५ची चाचणी सर्व गाभ्यांवर घ्यावीच. परंतु कर्व्ह ऑप्टिमायझर वापरला असेल तर तेवढ्याने भागत नाही. सर्व गाभे कामाला जुंपले असता उष्णतेमुळे वेग उतरलेला असतो. सर्वोच्च वेग येतो तो एकच गाभा हलके काम करीत असताना, आणि चूक होण्याचा संभव तेथेच अधिक. रात्रभर छळ सोसलेले यंत्र सकाळी नुसती फाईल उघडताना बंद पडते, ते याच कारणाने. म्हणून एका वेळी एकाच गाभ्यास काम देणारी कोअरसायक्लरसारखी आज्ञावली प्रत्येक गाभ्यावर काही तास चालवावी. शिवाय विंडोजच्या नोंदवहीत डब्ल्यूएचईए या आद्याक्षरांनी, आणि लिनक्समध्ये कर्नलच्या नोंदींत, प्रोसेसरने पकडलेल्या यांत्रिक चुका लिहिल्या जातात. त्या रोज पाहाव्यात. 'दुरुस्त केली' असे लिहिलेली चूकदेखील गतिवर्धन एक पायरी मागे घेण्यास पुरेशी समजावी.

एवढी चाचणी उत्तीर्ण झाल्यावर यंत्र स्थिर झाले असे म्हणण्याचा प्रघात आहे. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याने या विधानाकडे जरा रोखून पाहावे. चुका स्वैरपणे व एका सरासरी दराने घडतात असे मानू. २४ तासांत एकही चूक दिसली नाही, तर ९५ टक्के विश्वासपातळीवर एवढेच म्हणता येते, की दर तासास चुकांचा दर तीन भागिले चोवीस, म्हणजे एकअष्टमांश, याहून अधिक नाही. दुसऱ्या शब्दांत, दर आठ तासांस एक चूक करणारे यंत्रदेखील ही चाचणी वीसांतून एकदा उत्तीर्ण होईल. आपले २४ तासांचे गणित चुकण्याचा संभव पाच टक्क्यांच्या आत आहे, असे त्याच विश्वासाने म्हणावयाचे, तर सुमारे १,४०० तास, म्हणजे जवळजवळ दोन महिने, चूक न होता चाचणी चालावयास हवी. यावर असा आक्षेप घेता येईल, की छळचाचणी प्रत्यक्ष कामाहून कठोर असते, म्हणून कामात चुकांचा दर पुष्कळ कमी राहील. आक्षेप पुष्कळ अंशी खरा आहे; पण हलक्या कामात चुकणाऱ्या यंत्राचे उदाहरण वर आलेच आहे. चाचणी नेहमीच कामाहून कठोर असते, असे धरून चालता येत नाही.

प्रत्यक्ष निरीक्षणही याला दुजोरा देते. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ साली सुमारे दहा लक्ष घरगुती संगणकांच्या बिघाड-नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. वेग वाढविलेल्या यंत्रांत प्रोसेसरच्या चुकीमुळे यंत्र कोसळण्याचा संभव एका उत्पादकाच्या बाबतीत सुमारे वीसपट, तर दुसऱ्याच्या बाबतीत चौपटीहून अधिक आढळला. वेग मुद्दाम कमी केलेली यंत्रे मूळ वेगाच्या यंत्रांहूनही विश्वसनीय ठरली. आणि यात मोजली गेली ती कोसळलेली यंत्रे. न कोसळता चुकलेली यंत्रे मोजणार कोण? २०२१ साली फेसबुकच्या अभियंत्यांनी मूळ वेगावरच चालणाऱ्या एका दोषी प्रोसेसरची हकीकत प्रसिद्ध केली. १.१ चा ५३ वा घात काढून त्याचा पूर्णांक भाग घेतला असता १५६ यावयास हवेत. त्या प्रोसेसरचा एक गाभा शून्य देत असे. त्यामुळे फायलींचा आकार शून्य समजला जाई आणि फायली गळत. इतर काही घातांची उत्तरे मात्र बरोबर येत. असा दोष शोधून काढणे किती दुष्कर आहे, याची कल्पना यावरून येईल.

आमच्या विषयांतील गणिते बहुधा लुका-लेहमर कसोटीसारखी कडक नसतात, आणि खरी अडचण तीच आहे. रेण्वीय हालचालींचे अनुकरण असो किंवा समाश्रयणाचे गुणक असोत, एखादा आकडा सातव्या स्थानी चुकला तर तो सरासरीत मिसळून जातो. उत्तर शंभरपट चुकले तर कोणाच्याही ध्यानात येईल; दोन टक्क्यांनी चुकलेले उत्तर तक्त्यात जाते, तक्त्यातून प्रबंधात जाते आणि पुढील विद्यार्थी त्याचा आधार घेतो.

यावर व्यवहारात करण्याजोगे दोनच मार्ग दिसतात. खेळ, चित्रफितींचे संपादन, आज्ञावली लिहून पाहणे, या कामांसाठी गतिवर्धित मांडणी ठेवावी. बहुतेक मदरबोर्डांत मांडणीचे अनेक संच जतन करता येतात, तेव्हा प्रबंधातील आकडे काढण्यापूर्वी मूळ संच लावून यंत्र पुन्हा सुरू करावे. अथवा प्रत्येक गणित दोनदा, शक्य तर दोन वेगळ्या यंत्रांवर, करून उत्तरे ताडून पाहावीत. या दुसऱ्या मार्गात एक उपाधी आहे. अनेक गाभ्यांवर विभागून बेरीज केली, की बेरजेचा क्रम दर वेळी पालटू शकतो, आणि दशांशयुक्त आकड्यांची बेरीज संगणकात क्रमनिरपेक्ष नसते. त्यामुळे निर्दोष यंत्रावरही अखेरचे एकदोन अंक वेगळे येतात. ताडून पाहण्यापुरते गणित एकाच धाग्यात किंवा क्रम पक्का करून चालवावे, म्हणजे शेवटच्या बिटापर्यंत उत्तरे जुळावयास हवीत आणि न जुळल्यास सबब उरत नाही. सव्वापाच टक्के वेळ वाचविण्यासाठी काम दुप्पट करावे लागले, तर हिशेब कोणत्या बाजूस झुकतो हे सांगावयास नको. विभागाच्या सामायिक संगणकांवर गतिवर्धन करू नये, असे आमचे मत आहे ते याच हिशेबावरून.

वैयक्तिक यंत्रावर ज्यांना ते करावयाचेच आहे त्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. बायॉसची नवी आवृत्ती चढविल्यावर जुनी मांडणी बहुधा पुसली जाते, आणि काही वेळा त्याच नावाच्या सोयीचा मूळ आकडा बदललेला असतो. वहीतील नोंदी पाहून आकडे आंधळेपणाने पुन्हा भरू नयेत. प्रथम मूळ मांडणीवर तापमान व वेळ मोजून मगच उणे पाचापासून पुन्हा आरंभ करावा.